‘डॉ.’ लागण्याआधी

पंजाबराव देशमुखांच्या नावाआधीचं ‘डॉ.’ कशाचं, असं अमरावतीत कुणालाही विचारून पाहा. बहुतेक जण ‘शेतीचं’ म्हणतील. भाऊसाहेब म्हणजे पंजाबराव केंद्रात कृषिमंत्री होते, अकोल्याचं कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाचं. प्रत्यक्षात पापळच्या या शेतकऱ्याच्या पोरानं ऑक्सफर्डला डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर. तो ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९३३ मध्ये छापला. म्हणजे ‘पीएच.डी. करणार म्हणजे मास्तरकीच करणार’ हा समज वऱ्हाडानं तरी बाळगू नये.

त्याहून महागात पडणारा समज म्हणजे, पीएच.डी. झाली की कॉलेजात ऑर्डर ठरलेली. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर मात्र ती लागते. तरीही सेटचा फॉर्म न भरता पाच-पाच वर्षं प्रबंधात घालवणारी मुलं दिसतात. नेट-सेट आणि पीएच.डी. दोन्ही असूनही तासिका तत्त्वावर राबणारेही आहेत. त्यांना जितके तास, तितकेच पैसे. सुट्ट्यांत तेही नाहीत. हा दोष पदवीचा नाही, रखडलेल्या भरतीचा आहे. पण तो माहीत असून उडी घेणं वेगळं आणि गाफीलपणे घेणं वेगळं.

‘तिसावं लागलं, अजून शिकूनच रायला का बे?’ हे वाक्य प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं लागतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी २ मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. मूल झालं तर २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ‘लग्न झालं, आता सुटलंच शिक्षण’ म्हणणाऱ्या सासरकडच्यांना हे जरूर दाखवावं.

शिकवण्याबद्दलचे समज दोन टोकांचे. एक म्हणतो, संशोधकानं वर्गात जायचंच नाही. दुसऱ्याला वाटतं, गाइडचे सगळे तास त्यानंच उचलायचे. त्याच नियमावलीत अध्यापनाचं प्रशिक्षण सगळ्या विषयांना आवश्यक आहे आणि आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन असं काम देता येतं. गाइडच्या घरचा गॅस सिलिंडर आणणं त्यात कुठे लिहिलेलं नाही! ‘सरांकडे जागा नाही’ हे मात्र दरवेळी निमित्त नसतं. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ एवढेच विद्यार्थी घेता येतात.

प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती २०२२ मध्ये गेली. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून विभागात विचारून घ्या. पण पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ‘१० टक्के कॉपी चालते’ हेही असंच. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही, एवढाच त्याचा अर्थ. ६० टक्क्यांवर गेलात तर नोंदणीच रद्द.

आता अकोल्याबद्दलचा समज. तिथल्या कला-विज्ञान महाविद्यालयांचं विद्यापीठ कृषी विद्यापीठ नव्हे, १९८३ पासूनचं अमरावतीचं. म्हणूनच सिनॉप्सिसची फाईल काखेत घेऊन पोरं अमरावतीला जायला बडनेऱ्याला उतरतात. १९६९ च्या कृषी विद्यापीठाचा संसारच वेगळा. प्रवेश राज्याच्या कृषी परिषदेमार्फत, नेट कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची. तिथे प्रबंध विद्यार्थ्याच्या घाईवर चालत नाही. पाऊस दगा देऊन गेला की शेतावरचा प्रयोग पुढच्या खरिपावर जातो.

नोंदणीआधी एक काम करा. ‘शोधगंगा’वर विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात. ज्यांच्याकडे जाणार आहात त्या गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध उघडा आणि पहिल्या पानापासून वाचा.