राजीनाम्याआधी दिवस मोजा

सातवा महिना, लोकलची गर्दी, वर कामाचा तगादा. नोकरी बदलावीशी वाटणे साहजिकच. पण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत नव्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले नसेल, तर पगारी प्रसूती रजेचा कायदेशीर हक्क मिळत नाही. सातव्या महिन्यात हे गणित सहसा जुळत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी देऊन रात्रपाळी किंवा सतत उभे राहण्याचे काम बदलून मागावे. यात संकोच कसला? पहिल्या दोन अपत्यांसाठीच्या २६ आठवड्यांपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात.

डोकेदुखीचे खापर मात्र कामाच्या ताणावर फोडू नये. सोबत डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर त्याच दिवशी रक्तदाब तपासावा. तो १४०/९० किंवा अधिक निघाल्यास काम तिथेच टाकून रुग्णालय गाठावे.