काडतूस घरी भरावे की विकत घ्यावे?

बऱ्हाणपूरच्या केळीबागांतील शेतकऱ्यास पीकसंरक्षणासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरावा लागतो. साहजिकच, रायफलीची रिकामी काडतुसेही घरी का भरू नयेत, असा प्रश्न काहींच्या मनात येतो.

पितळी कवच, टोपी, दारू व गोळी ही काडतुसाची चार अंगे होत. दारूच्या वजनात किंचित फरक पडला तरी गोळीचा वेग बदलतो व नेम हुकतो. म्हणूनच अनेक परदेशी नेमबाज दारू तोलून काडतुसे स्वतः भरतात. स्वस्त काडतुसांत इतका एकसारखेपणा नसतो. परंतु शेताच्या राखणीस त्याची गरजही नसते.

उलटपक्षी, दारू अधिक झाल्यास बंदूक फुटून हात वा डोळे गमावण्याचा धोका असतो. शिवाय, विनापरवाना काडतूस तयार करणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान ७ वर्षे कारावास, प्रसंगी जन्मठेपही होऊ शकते. तेव्हा परवानाधारक विक्रेत्याकडूनच पावतीसह काडतुसे घ्यावीत. चार पैशांच्या बचतीपायी घरचा कर्ता हात गमावणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही.