न भरलेला कागद

काही वर्षांपूर्वी म्हसवडमधल्या एका शाळेत चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. कविता लिहिणाऱ्याला चित्रातलंही कळतं, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. विषय होता 'निसर्गचित्र'. टेबलावर गठ्ठा आला. जवळजवळ प्रत्येक चित्रात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, दुथडी भरलेली नदी आणि काठावर नारळाचं झाड. माणगंगेच्या कोरड्या वाळूत खेळणाऱ्या पोरांनी काढलेली ती नदी होती!

एकच चित्र वेगळं होतं. खडूनं हलक्या हातानं ओढलेला तांबूस-करडा माळ, एक बाभूळ आणि मेंढरांमागं उठलेला धुरळा. मधूनमधून नुसता कागद दिसत होता. "रंग पुरता भरलेला नाही," सोबतचे परीक्षक म्हणाले. मीही मान डोलावली. बक्षीस हिरव्यागार चित्राला गेलं.

आपली चूक मला कळली ती पुढे, पेस्टलची ओळख झाल्यावर.

पेस्टल म्हणजे रंगाची बारीक पूड, ती धरून ठेवण्यापुरता डिंक आणि त्याची वळलेली कांडी. मुलांच्या दप्तरात असतात ते ऑइल पेस्टल वेगळे. त्यांत तेल आणि मेण असतं. सुक्या पेस्टलला पाणी लागत नाही, तेल लागत नाही, वाळायची वाट पाहावी लागत नाही. रंग थाळीत कालवायचे नसतात. कागदावरच एकावर एक, एकाशेजारी एक ओढायचे असतात. त्यासाठी कागद खरखरीत हवा. आपल्याकडच्या काळ्या घोंगडीवर खडू ओढून पाहा. उंच धाग्यांवर रंग बसतो, खळग्यांत मूळचा काळा तसाच राहतो. पेस्टलचंही तेच.

म्हणून जाणते चित्रकार पुष्कळदा पांढरा कागद घेत नाहीत. करडा, मातकट किंवा निळसर निवडतात. रंगाच्या फटींतून तो चित्रभर डोकावत राहतो आणि तंबोऱ्यासारखा सगळ्या चित्राला सूर देतो. मातकट कागदावरचं आभाळ तापलेलं वाटतं. तेच निळसर कागदावर ओढलं तर पहाटेचं भासतं. निसर्गचित्रात भावना कुठून येते, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

सिद्धनाथाच्या रथाला जे आले असतील, त्यांना सुका रंग वेगळा समजावायला नको. उधळलेला गुलाल अंगावर नुसता बसलेला असतो. पेस्टलचा रंगही कागदावर तसाच बसतो. बोट लागलं की पुसतो, म्हणून चित्र काचेमागं, काचेला न टेकवता ठेवावं लागतं. पण त्याच सुट्या कणांवर उजेड विखुरतो आणि चित्राला मखमलीसारखी मऊ झाक येते.

नर्तकींच्या चित्रांसाठी गाजलेल्या एदगार देगा या फ्रेंच चित्रकारानं १८९२ साली पॅरिसमध्ये निसर्गचित्रांचं प्रदर्शन मांडलं. त्याआधी दोन वर्षं त्यानं घोडागाडीतून एक प्रवास केला होता. वाटेत पाहिलेला मुलूख त्यानं आठवणीतून उतरवला. आधी रंगाचा पातळ ठसा कागदावर घेऊन त्यावर पेस्टल फिरवलं. डोंगर कुठं संपतो आणि धुकं कुठं सुरू होतं, ते त्यात नेमकं सांगता येत नाही. गावाचं नाव गळून जातं आणि पाहणाऱ्याची मनःस्थिती उरते.

इतक्या लांब कशाला जायचं? आपले आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ साली वारले. मुंबई पाहून आलेल्या या माणसानं कोल्हापुरातलं कोटितीर्थ आणि रंकाळा रंगवला. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. ती पाहताना माध्यमापेक्षा मला दुसरीच गोष्ट जाणवली. रोज दारात दिसणारं पाणी या माणसाला आयुष्यभर पुरलं होतं.

मला मात्र माझा माळ पुरला नव्हता. माझ्या सुरुवातीच्या कविता आज काढून पाहिल्या, तर त्यांत धबधबे आहेत, हिरवे गालिचे आहेत. पर्जन्यछायेतल्या गावात बसून मी उसना पाऊस पाडत होतो. त्या पोरांची नारळाची झाडं आणि माझे धबधबे एकाच दुकानातून आणलेले.

त्या एका मुलानं कागद मोकळा सोडला होता, कारण आपल्या माळावर दोन झुडपांमध्ये तेवढी जमीन मोकळीच असते. आम्ही नेमके त्याचेच गुण कापले. त्याचं नावही मी विचारलं नाही.

यंदा त्या शाळेचं पुन्हा बोलावणं आलं आहे. मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. विषय 'निसर्गचित्र' नको, 'आमच्या घरामागचा माळ' ठेवा. आणि कागद पांढरा नको. वाण्याच्या दुकानातला खाकी कागद चालेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)