एका अक्षराची अफरातफर

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकानजीक जे विभागीय क्रीडा संकुल आहे, त्याची ओळख वास्तविक तेथे घाम गाळणाऱ्या पोरापोरींवरून व्हावयास हवी. परंतु क्रीडासंस्थेचा जीव मैदानाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, दफ्तरात असतो, ही गोष्ट या शहराला डिसेंबर २०२४ मध्ये फार महागात पडून कळली.

संकुलाचा निधी सरकारी, आणि त्याचा विनियोग क्रीडा उपसंचालकांच्या सहीने व्हावा असा शिरस्ता. या शिरस्त्याला, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, भगदाड पाडले ते दरमहा तेरा हजार रुपयांवर नेमलेल्या एका कंत्राटी संगणकचालकाने. संकुलाच्या जुन्या लेटरहेडवर बँकेला पत्र गेले, की खात्याला जोडलेला ईमेल पत्ता बदलावा. नवा पत्ता मूळ पत्त्याहून अवघ्या एका अक्षराने निराळा होता. त्या पत्त्यावर ओटीपी येऊ लागले, इंटरनेट बँकिंगचे दार उघडले, आणि १ जुलैपासून ७ डिसेंबरपर्यंत २१ कोटी ५९ लाख रुपये १३ खात्यांत पांगले. त्यातून सव्वा कोटीच्या घरातली मोटार, ३२ लाखांची मोटारसायकल, मैत्रिणीसाठी विमानतळासमोर प्रशस्त सदनिका, एवढेच नव्हे तर हिरेजडित चष्मादेखील आल्याचे तपासात पुढे आले. वर्तमानपत्रे या चष्म्यावरच खिळून राहिली. मला मात्र नवल वाटते ते पाच महिने दफ्तरातील डोळ्यांना काहीच दिसले नाही याचे. खात्याचा उतारा जमाखर्चाशी ताडून पाहावयास चष्मा साधा असला तरी पुरतो.

खोट्या कागदाची ही करामत केवळ आपल्याकडचीच आहे असे समजून कोणी खाली मान घालू नये. १९०० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली आणि आज स्वित्झर्लंडमधील एग्ल येथून जगाच्या सायकल शर्यतींचा कारभार हाकणारी ‘यूसीआय’ ही संस्था पाहावी. १९९९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये लान्स आर्मस्ट्राँगच्या तपासणीत कॉर्टिसोन सापडले, तेव्हा मागील तारीख घालून मागाहून दिलेली औषधाची चिठ्ठी संस्थेने खपवून घेतली, पुढे त्याच खेळाडूकडून, तो शर्यतींत उतरत असतानाच, देणगीही घेतली. त्याची सातही विजेतेपदे रद्द व्हावयास २०१२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला, आणि २०१५ मध्ये चौकशी आयोगाने संस्थेने त्याला झुकते माप दिल्याचे नमूद केले. तिथे कागद खोटा असून चालवून घेतला, इथे तो खोटा आहे हे कोणी पाहिलेच नाही. माझ्या मते पहिला अपराध अधिक काळा, पण दुसरा अधिक सार्वत्रिक.

गारखेड्याच्या प्रकरणी दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. तोवर संकुल समितीकडे एवढीच मागणी आहे, की शर्यतींचे निकाल ज्या फलकावर लागतात, त्याच फलकावर दर महिन्याला बँकेचा खातेउताराही लावावा.