औषध नव्हे, विष

आपण सहज म्हणतो, "कपाशीला औषध मारायचंय." मी कवी, म्हणून हा शब्द मला खटकतो. डब्यावरचं लेबल त्याच्या विषारीपणाचाच इशारा देतं. तिथं कोनावर उभा चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल असेल तर अतितीव्र विष. पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लाल रंगावर कवटी आणि हाडं असतात. अक्षरओळख नसलेल्यालाही ही खूण कळते. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. विष श्वासातून, कातडीतूनही शिरतं. म्हणून हातमोजे, मास्क, अंगभर कपडे हवेत. वाऱ्याविरुद्ध फवारू नये, मनानं दोन कीटकनाशकं मिसळू नयेत, उरलेलं पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये.

डब्यासोबतचं माहितीपत्रक फेकू नका. त्यात लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा छापलेला असतो. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर फवारणी थांबवा, अंगावरचे कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि दवाखान्यात जाताना ते पत्रक बरोबर न्या. कोणतं विष भिनलं हे डॉक्टरांना कळलं, तर नेमका उपचार लवकर सुरू करणं सोपं जातं.

आजपासून घरात एवढंच करू या. विषाला विषच म्हणू या.