फॉर्मॅलिनची बरणी आणि पोलिओची लस

प्रयोगशाळेच्या बरणीतला बेडूक कुजत का नाही? फॉर्मॅलिनमधील फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या अमिनो गटांशी संयोग पावून शेजारच्या साखळ्यांत पूल बांधते. आपल्या अमडापुरात ६ व १४ आठवड्यांच्या बाळांना टोचली जाणारी पोलिओची लसही याच रसायनाने बनते. विषाणूच्या कवचातील प्रथिने जखडली जातात, आतील आरएनएही निकामी होते; म्हणून संसर्ग होत नाही. कवचाचे रूप मात्र पुष्कळसे टिकते, त्यामुळे शरीर ते ओळखून प्रतिपिंडे तयार करते. १९५५ साली अमेरिकेत ही क्रिया काही लसीत अपुरी राहिली. सुमारे २०० जण पांगळे झाले, १० दगावले. बरणी दाखवताना आपण विद्यार्थ्यांना हेही सांगू या.