क्लच घट्ट धरणारं तेल

ऑटोमॅटिक गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या पायाला काम नसतं. ते काम गिअरबॉक्समधलं तेल करतं. आत क्लचच्या पातळ, गोल प्लेट्स एकाआड एक बसवलेल्या असतात. एक घर्षणाचं अस्तर लावलेली, एक नुसत्या पोलादाची. पिस्टनमागे दाबाचं तेल शिरलं की पिस्टन सरकतो, प्लेट्स एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर पडतो. पंपाकडून साऱ्या यंत्रणेला मिळणारा हा मुख्य दाब म्हणजे लाइन प्रेशर. ताकदवान इंजिनामागचा गिअरबॉक्स टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

हिशेब करून पाहू. पिस्टनचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आणि दाब 10 बार, म्हणजे सुमारे 145 पीएसआय धरला, तर प्लेट्सवर जवळपास 1 टनाचा भार येतो. क्लच किती टॉर्क पेलणार, हे या भारावर, घर्षणावर, प्लेट्सच्या त्रिज्येवर आणि संख्येवर अवलंबून असतं. त्याच गिअरबॉक्सला दुप्पट टॉर्कचं इंजिन जोडलं, तर दाबही साधारण दुप्पट लागणार. त्यात गाडी जागेवरून उठताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवून पुढे पाठवतो. दाब कमी पडला की प्लेट्स घसरतात, अस्तर करपतं आणि तेलाला जळका वास येतो.

मग दाब कायमच चढा का ठेवू नये? वेगाचे शौकीन दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटर व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक करून नेमकं हेच करतात, आणि मला तो उपाय अर्धवट वाटतो. पंप इंजिनावरच चालतो. मिनिटाला 30 लिटर तेल 20 बारनं ढकलायला 1 किलोवॉट शक्ती खर्च होते. 10 बारला त्याच्या निम्मी. गरज नसताना वाढवलेला दाब तेल तापवण्यात जातो. शिवाय रहदारीत सावकाश जातानाही प्रत्येक गिअर धाडकन पडतो आणि तो झटका शाफ्टपासून डिफरन्शियलपर्यंत सगळ्यांना सोसावा लागतो.

म्हणजे दाब इंजिनाच्या ताणाप्रमाणे कमी-जास्त व्हायला हवा. जनरल मोटर्सच्या 1964 साली आलेल्या टर्बो हायड्रामॅटिक 400 मध्ये हे काम एका रबरी नळीवर चालायचं. हा गिअरबॉक्स इतका दणकट निघाला की पुढे फेरारीनंही आपल्या 400 ऑटोमॅटिकमध्ये तोच बसवला. नळीचं एक टोक इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला, दुसरं गिअरबॉक्सवरच्या डबीतल्या लवचीक पडद्याला. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना मॅनिफोल्डमधली निर्वात पोकळी पडद्याला जोरानं ओढून धरते आणि दाब खाली राहतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती ओढ सैल होते, स्प्रिंग व्हॉल्व्हला पुढे रेटते आणि दाब चढतो. अडचण यायची ती शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवल्यावर. अशा इंजिनाची ओढ गाडी उभी असतानाही कमजोर असते. डबीला वाटतं इंजिनावर भार आहे, आणि ‘डी’ टाकताच गाडी हिसका देते.

याच गिअरबॉक्सच्या पायावर 1991 मध्ये चार गिअरचा, संगणकाच्या हुकमावर चालणारा 4एल80-ई आला. त्यात दाब ठरवतो एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, तोही उलट्या रीतीनं: सुमारे 1.1 अँपिअर वीजप्रवाहाला दाब सर्वांत कमी आणि प्रवाह शून्य झाला की सर्वांत जास्त. त्यामुळे उद्या वायर तुटली, तर गिअर झटके देत पडतील, पण प्लेट्स घसरून जळणार नाहीत. बिघाड कुठल्या बाजूला झुकावा, हे अभियंत्यांनी आधीच ठरवून ठेवलं. मला या यंत्रातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आताचे गिअरबॉक्स त्याही पुढे गेले आहेत. गिअर बदलताना संगणक क्षणभर इंजिनाचा टॉर्क उतरवतो, म्हणजे कमी दाबातही प्लेट्स न घसरता धरतात. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे वेग मोजून क्लचनं पकड घ्यायला किती वेळ लावला हेही तो पाहतो. उशीर झाला, तर पुढच्या वेळी दाब थोडा वाढवतो. प्लेट्स झिजत जातात तसतसे हे आकडे सरकत राहतात. म्हणूनच नव्या प्लेट्स घातल्यावर जाणकार मेकॅनिक संगणकातले जुने आकडे आधी पुसतो. नाहीतर नव्या कोऱ्या क्लचवरही झिजलेल्या प्लेट्ससाठी शिकलेलाच दाब पडत राहतो.